एकोणतिसाव्या पातळीच्या पलीकडे

'रियाज' हा शब्द आपल्याकडे आला तो अरबी-फारसीतून. मराठीने तो गाण्यासाठी राखून ठेवला. रियाज म्हटलं की डोळ्यांपुढे पहाट येते, तंबोरा येतो आणि एकच पलटा शंभर वेळा घोटणारा गळा येतो. पण त्याच मुळापासून आलेला 'रियाझा' हा शब्द आजच्या अरबीत खेळासाठी, क्रीडेसाठी वापरतात. म्हणजे भाषेच्या दृष्टीने गाणं आणि खेळ ही एकाच घरातली भावंडं आहेत. आज मला तुमच्याशी ज्या रियाजाबद्दल बोलायचं आहे, त्याला बहुतेक घरांमध्ये रियाज म्हणत नाहीत. 'वेळेचा सत्यानाश' म्हणतात. तो आहे एका व्हिडिओ गेमचा रियाज. गेमचं नाव टेट्रिस.

हा खेळ १९८४ साली मॉस्कोत जन्मला. अलेक्सेई पाजित्नोव्ह हे सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात काम करत होते. पाच-पाच चौकोनांच्या बारा आकृत्या एका चौकटीत बसवण्याचं एक जुनं कोडं त्यांना आवडायचं. त्यांनी पाचाचे चार चौकोन केले, तेव्हा आकृत्या उरल्या फक्त सात. त्या वरून एकेक करून खाली पडतील, खेळणाऱ्याने त्या फिरवून नीट रचायच्या, आडवी ओळ भरली की ती नाहीशी होईल, असा खेळ त्यांनी तयार केला. ज्या 'एलेक्ट्रोनिका ६०' यंत्रावर तो पहिल्यांदा चालला, त्याला चित्रं काढताच येत नव्हती. म्हणून चौकोन कंसांच्या खुणांनी दाखवले जायचे. पुढे वादिम गेरासिमोव्ह या सोळा वर्षांच्या मुलाने तो आयबीएमच्या संगणकावर आणला आणि खेळ मॉस्कोभर पसरला.

१९८९ मध्ये निन्टेन्डो या जपानी कंपनीने तो टीव्हीला जोडायच्या आपल्या यंत्रासाठी कार्ट्रिजच्या रूपात आणला. आपल्याकडे १९९० नंतर रस्त्यावर, जत्रेत, खेळण्यांच्या दुकानात एक हातात मावणारा 'ब्रिक गेम' मिळू लागला. तो टेट्रिसचाच अवतार. एसटीच्या प्रवासात त्यात मान घालून बसलेली मुलं आणि 'डोळे फुटतील' म्हणणाऱ्या आया, हे चित्र अनेकांना आठवत असेल.

खेळ दिसायला सोपा. पण त्या १९८९ च्या कार्ट्रिजवर तो फार निष्ठुर होता. पटाची रुंदी दहा घरांची, उंची वीस घरांची. साधारण दहा ओळी नाहीशा केल्या की पुढची पातळी येते आणि आकृत्यांचा वेग ठरावीक टप्प्यांवर वाढत जातो. एकोणतिसाव्या पातळीवर आकृती वरपासून तळापर्यंत पोचायला एक सेकंदाचा तिसरा हिस्सा लागतो. पापणी लवावी इतकाच वेळ. त्यात कंट्रोलरवरचं बटण दाबून धरलं, तर आकृती सेकंदाला दहा घरं एवढ्याच गतीने बाजूला सरकते. हिशोब तुम्हीच करा. मधून निघालेली आकृती तीन-चार घरं सरकते न सरकते तोच तळाला टेकते. कडेपर्यंत ती पोचतच नाही. कडा रिकाम्या, मध्ये ढीग आणि खेळ खलास.

म्हणून खेळणाऱ्यांनी ठरवून टाकलं की एकोणतिसावी पातळी म्हणजे शेवट. यंत्रच पुढे जाऊ देत नाही, तिथे माणूस काय करणार? ही समजूत कित्येक वर्षं टिकली. मला या सगळ्या इतिहासात सर्वांत जास्त रस या समजुतीत आहे. कारण ती अर्धीच खरी होती. बटण दाबून धरलं तर आकृती पोचत नाही, हे खरं. पण बटण दाबूनच धरलं पाहिजे असं कुणी सांगितलं होतं?

थॉर ॲकरलंड या अमेरिकन मुलाने ते ऐकलं नाही. १९९० साली निन्टेन्डोने अमेरिकेत जी मोठी स्पर्धा भरवली, तिच्यात तो आपल्या वयोगटात विजेता ठरला. त्या स्पर्धेत टेट्रिसही होतं. तो बटण दाबून धरत नसे. अंगठा थरथरवून तो बटणावर इतक्या भराभर टिचक्या मारायचा की आकृती यंत्राच्या ठरलेल्या गतीपेक्षा वेगाने सरकायची. तिसाव्या पातळीवर पोचणारा पहिला खेळाडू म्हणून त्याचंच नाव घेतलं जातं. पण ही त्याची एकट्याची करामत राहिली. कुणी ती शिकलं नाही, कारण कुणी ती जवळून पाहिलीच नव्हती.

२०१० मध्ये लॉस एंजेलिसला या जुन्या टेट्रिसची जागतिक स्पर्धा सुरू झाली. पहिला विजेता जोनास न्यूबॉअर. २०१७ पर्यंतच्या आठ स्पर्धांपैकी सात त्याने जिंकल्या. त्याची पद्धत जुनीच, बटण दाबून धरण्याची. पण रचना अशी देखणी की वरून काहीही पडो, त्याच्याकडे जागा तयार असे. चार ओळी एकदम उडवणारी लांब पट्टी कधी येईल याचा नेम नसतो. ती येईपर्यंत पट नीट ठेवणं ही खरी कला, आणि त्या कलेत त्याचा हात धरणारा नव्हता.

२०१८ च्या अंतिम सामन्यात त्याच्यासमोर सोळा वर्षांचा जोसेफ सेली बसला. म्हणजे खेळाचं कार्ट्रिज त्याच्यापेक्षा वयाने मोठं! तो यूट्यूबवर स्पर्धेची चित्रफीत पाहून या खेळाकडे वळला होता. त्याने ॲकरलंडसारख्या टिचक्यांची पद्धत आत्मसात केली होती. सेली तीन-शून्याने जिंकला. न्यूबॉअरने हा पराभव फार दिलदारपणे स्वीकारला आणि नव्या पिढीचं मोकळ्या मनाने कौतुक केलं. जानेवारी २०२१ मध्ये, अवघ्या एकोणचाळिसाव्या वर्षी, तो अचानक गेला. पण जाण्याआधी त्याने आपल्यापेक्षा चांगलं खेळणारी मुलं पाहिली होती. कुठल्याही उस्तादाला याहून वेगळं काय हवं असतं?

इथे थोडं थांबून विचार करू. १९९० ते २०१० या वीस वर्षांत लोक कमी मेहनत करत होते का? नाही. पण जो तो आपापल्या घरात, आपापल्या टीव्हीसमोर एकटा मेहनत करत होता. आपली चूक आपल्याला दिसत नव्हती आणि दुसऱ्याची युक्ती कळत नव्हती. उर्दू शायरीत 'इस्लाह' नावाची रीत आहे. शागीर्द आपली गझल उस्तादांपुढे ठेवतो, उस्ताद एखादा शब्द हलवतात, आणि वर्षभर डोकं आपटून जे कळलं नसतं ते क्षणात कळतं. टेट्रिसच्या मुलांना ही इस्लाह चित्रफितींनी दिली. ते एकमेकांचे हात पाहू लागले. कुणाचा अंगठा कुठे टेकतो, कोण कंट्रोलर मांडीवर कसा धरतो, याची चर्चा करू लागले.

यातूनच २०२० च्या सुमारास पुढची उडी आली. क्रिस्टोफर मार्टिनेझ या खेळाडूने एक अजब पद्धत रूढ केली. अंगठा बटणावर नुसता टेकवून ठेवायचा आणि दुसऱ्या हाताची बोटं, तबल्यावर एकामागून एक पडावीत तशी, कंट्रोलरच्या पाठीवर वाजवायची. प्रत्येक बोटाबरोबर कंट्रोलरच अंगठ्यावर आपटतो आणि बटण दाबलं जातं. बटण अंगठ्याकडे येतं, अंगठा बटणाकडे जात नाही! या पद्धतीला 'रोलिंग' म्हणतात. अंगठ्याच्या थरथरीने स्नायू आखडायचे. इथे श्रम चार-पाच बोटांत वाटले गेले, म्हणून वेगही वाढला आणि दमही टिकला. तीस वर्षं जो शेवट होता, तो आता वाटेतला एक टप्पा झाला.

मग पुढे काय होतं ते पाहायला कुणी तयारच नव्हतं, खुद्द कार्ट्रिजसुद्धा. प्रोग्राम लिहिणाऱ्यांनी इतक्या पुढचा विचार केला नव्हता. १३८ व्या पातळीपासून रंग बिघडू लागतात. १४८ व्या पातळीवर आकृत्या काळ्या पटावर जवळजवळ काळ्याच दिसतात. आणि त्याही पुढे गेलं की यंत्राचा हिशोब कोलमडून खेळ गोठतो, हे खेळाडूंनी प्रोग्राम तपासून शोधून काढलं. तिथवर पहिला पोचला तो अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यातला विलिस गिब्सन. वय वर्षे १३. तारीख २१ डिसेंबर २०२३. सुमारे अडतीस मिनिटं सलग खेळून, १,५११ ओळी उडवून, १५७ व्या पातळीवर त्याने खेळ गोठवला. त्याचे वडील त्याच महिन्यात वारले होते. हा विक्रम त्याने वडिलांना अर्पण केला.

बातमी जगभर गेली. एका ब्रिटिश वृत्तवाहिनीच्या निवेदिकेने ती वाचून दाखवली आणि वर सल्ला दिला की आई म्हणून मी म्हणेन, पडद्यापासून उठ, बाहेर मोकळ्या हवेत जा. टेट्रिस जिंकणं हे काही आयुष्याचं ध्येय नव्हे. यावरून बरीच टीका झाली. पण प्रामाणिकपणे सांगा, आपल्यापैकी किती जणांच्या मनात तेच आलं असतं? म्हणून तो प्रश्न टाळून चालणार नाही. या मेहनतीतून मिळतं काय?

शास्त्रज्ञांनी याचा शोध घेतला आहे. १९९२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या रिचर्ड हायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आठ तरुणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. चार ते आठ आठवडे रोज टेट्रिस खेळल्यावर त्यांचं कौशल्य सातपटीहून वाढलं, पण खेळताना मेंदूच्या काही भागांत होणारा साखरेचा वापर मात्र कमी झाला. काम वाढलं, इंधन कमी लागलं. मला यात नवल वाटलं नाही. वृत्तात लिहायला शिकताना आम्ही बोटांवर मात्रा मोजायचो. काही वर्षांनी मोजणं सुटलं आणि ओळ लंगडली की कानालाच ठेच लागू लागली. मोजण्यात खर्ची पडणारं मन मग अर्थाकडे वळू शकलं.

१९९४ मध्ये डेव्हिड कर्श आणि पॉल मॅग्लिओ यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. सराईत खेळाडू आकृती गरजेपेक्षा जास्त वेळा फिरवतात. वरवर पाहता ही चूक वाटते. पण डोक्यात आकृती फिरवून पाहण्यापेक्षा पडद्यावरच फिरवून पाहणं जलद पडतं. हातसुद्धा विचार करतात, असा त्याचा साधा अर्थ.

दुसरी बाजूही सांगायला हवी. २००२ च्या एका अभ्यासात सिम्स आणि मेयर यांना दिसलं की टेट्रिसमध्ये तरबेज झालेली माणसं टेट्रिससारख्या आकृत्या मनात फिरवण्यात इतरांच्या पुढे असतात, बाकीच्या कोड्यांत मात्र चारचौघांसारखीच. म्हणजे टेट्रिस खेळून गणित सुधारेल, अशी आशा धरू नका. जे घोटाल तेच पक्कं होतं. तबल्याच्या रियाजाने गळा तयार होत नाही.

पण या मुलांची गोष्ट मला वेगळ्याच कारणासाठी महत्त्वाची वाटते. ज्यांनी वीस वर्षं एकच पद्धत घोटली, ते आळशी नव्हते. त्यांची मेहनत भिंतीपाशी येऊन थांबली आणि त्यांना वाटलं, भिंत यंत्राची आहे. ती होती बटण धरण्याच्या सवयीची. नुसत्या तासांनी ती पडली नाही. दुसऱ्याचा हात पाहिल्यावर, आपली पकड सोडून नवखं व्हायची तयारी ठेवल्यावर ती पडली. नवी पकड शिकताना सुरुवातीला गुण घसरतात. चांगला खेळणारा पुन्हा कच्चा खेळू लागतो. ते दिवस सोसणं हाच रियाजाचा सर्वांत अवघड भाग, मग तो गाण्याचा असो, कवितेचा असो की व्हिडिओ गेमचा.

ऑक्टोबर २०२४ मध्ये मायकल आर्टियागा या तरुणाने, खेळ गोठणार नाही अशी दुरुस्ती केलेल्या आवृत्तीवर, २५५ वी पातळी पार केली. यंत्राला त्यापुढचा आकडा मोजता येत नाही. त्यामुळे त्याच्या पडद्यावर पातळी आली शून्य. आकृत्या पुन्हा पहिल्यासारख्या सावकाश पडू लागल्या आणि तो पुढे खेळत राहिला.