कांडी कोणाची?

विट्याच्या साध्या यंत्रमागावर धोट्यातली आडव्या सुताची कांडी संपली की माग थांबतो. रिकामी काढायची, भरलेली घालायची. आडव्या सुतावर ताण कमी, म्हणून त्याला खळ लागत नाही. म्हसवडच्या घोंगडीतही विणण्याआधी चिंचोक्याची खळ पिते ती उभी लोकर. आडव्याची तयारी म्हणजे मुख्यतः कांडी भरणे.

या आडव्या सुताचे पुस्तकी नाव बाणा. ‘मराठी बाण्या’शी त्याचे नाते नसावे, तो ‘वर्णक’, म्हणजे नटाचे सोंग, यातून निघालेला दिसतो. मागावरचा बाणा ‘वे’ धातूच्या ‘वान’चा, विणकामाचा, वंशज. पण मग आरंभीचा ब कुठला? मराठी जुना व सहसा सोडत नाही. हिंदीचे बीस, आपले वीस. ते बुनतात, आपण विणतो. गुजरातीत तर सरळ ताणो-वाणो आहे. आपल्याकडेही ‘वाणा’च व्हायला हवा होता. तेव्हा बाणा उत्तरेकडून आला आणि उभ्या सुताच्या, म्हणजे ताण्याच्या, संगतीने त्याचा ण पक्का झाला असावा. फारसीतली जोडी तार-ओ-पूद. त्यातल्या पूदशी कापडाचा ‘पोत’ जुळवण्याचा मोह होतो, पण त आणि द यांचा हिशेब बसत नाही.

जतच्या बाजूला कान दिला तर कन्नडातले हासु-होक्कु ऐकू येते. हासु म्हणजे पसरलेले, होक्कु म्हणजे आत शिरलेले. नामकरण थेट कामावरूनच. गंमत अशी की ‘हासुहोक्कु’ कन्नडात नेमका आपल्या ‘ओतप्रोत’सारखा वापरतात आणि ओतप्रोतही मुळात मागावरचाच. बृहदारण्यकात गार्गी याज्ञवल्क्याला विचारते, हे सारे कशात ओत-प्रोत आहे? त्यातला ‘उत’ म्हणजे विणलेले, पुन्हा तोच ‘वे’.

आता कांडी. संस्कृत काण्ड म्हणजे दोन पेरांमधला तुकडा. उसाचे कांडे तेच, रामायणाची कांडेही तीच, आणि काण्डचा एक अर्थ बाणसुद्धा! पोकळ बोरूच्या तुकड्यावर सूत गुंडाळत असतील तर ही व्युत्पत्ती चपखल बसते. इंग्रजीतला ‘क्विल’ही आधी पोकळ देठ, मग सुताची नळी आणि पिसाची लेखणी. पण कन्नडात विणकराच्या नळीला ‘कंडिके’ म्हणतात, तेलुगूत सुताच्या गुंड्याला ‘कंडे’. तिथला अ ऱ्हस्व आहे हा कन्नड मुळाविरुद्धचा पुरावा मानावा, तर दण्डाचा दांडा आणि खण्डाची खांड करणाऱ्या मराठीत कण्डचेही कांडच होणार. म्हणजे ध्वनिनियम दोन्ही दावेदारांना दार उघडून देतात.

माझा कौल किंचित कन्नडकडे झुकतो, कारण तिथे शब्द सुतालाच चिकटलेला आहे. मात्र तमिळमध्ये बांबूच्या पेराला ‘कणु’ म्हणतात. संस्कृत काण्डच त्या द्राविडी घरचा असेल, तर दोन दावेदार एकाच कुळातले ठरतील.