ब्लूटूथची जुनी सोयरीक तोडताना...

नवा भ्रमणध्वनी घेताना छायाचित्रे, दूरध्वनी क्रमांक आणि बँकेची अॅप यांची काळजी बहुतेक जण घेतात. ब्लूटूथच्या यादीकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. ठाण्यातील खोपटच्या एसटी आगारासारख्या गजबजलेल्या ठिकाणी ही यादी उघडली, तर तिचे दोन भाग दिसतात. एका भागात आसपासच्या, त्या क्षणी जोडणीसाठी खुल्या असलेल्या उपकरणांची नावे असतात. गाडी सुटली, की ती नावे मागे पडतात. दुसऱ्या भागातील नावे मात्र जागची हलत नाहीत. प्रवासात हरवलेला इअरफोन, दोन वर्षांपूर्वी विकलेली मोटार, सहलीसाठी भाड्याने घेतलेल्या गाडीची संगीतयंत्रणा, मित्राच्या घरचा स्पीकर अशा साऱ्या जुन्या ओळखी तेथे नांदत असतात.

ही यादी म्हणजे केवळ नावांची नोंद असती, तर ती तशीच ठेवण्यात फारसे बिघडले नसते. प्रत्यक्षात प्रत्येक नावामागे विश्वासाचा एक करार असतो. हा करार दोन्ही उपकरणांच्या स्मृतीत साठवलेला असतो. त्यामुळे तो मोडायचा तर दोन्ही टोकांना मोडावा लागतो. नेमकी हीच गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही.

जोडणी म्हणजे काय?

ब्लूटूथ हे थोड्या अंतरावरील उपकरणांना तारेविना जोडणारे तंत्रज्ञान आहे. त्याचे काम स्वीडनमधील एरिक्सन कंपनीत १९९४ च्या सुमारास सुरू झाले. १९९८ मध्ये एरिक्सन, आयबीएम, इंटेल, नोकिया आणि तोशिबा या पाच कंपन्यांनी एकत्र येऊन त्यासाठी संघटना स्थापन केली. दहाव्या शतकात डेन्मार्कवर राज्य करणाऱ्या हॅराल्ड राजाचे 'ब्लूटूथ' हे टोपणनाव. विखुरलेल्या टोळ्यांना एकत्र आणणारा राजा अशी त्याची ख्याती असल्याने वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रे एकत्र आणणाऱ्या या तंत्रज्ञानाला त्याचे नाव मिळाले.

हे संदेशवहन २.४ गिगाहर्ट्झ या कंपनपट्ट्यात चालते. नेहमीच्या प्रकारात त्या पट्ट्याचे ७९ भाग पाडलेले असतात आणि दोन्ही उपकरणे ठरलेल्या क्रमाने सेकंदाला १६०० वेळा एका भागावरून दुसऱ्या भागावर उड्या मारतात. त्यामुळेच एकाच बसमध्ये अनेक प्रवाशांच्या कानांत इअरफोन असले, तरी एकाचे गाणे सहसा दुसऱ्याच्या कानात जात नाही.

दोन उपकरणे प्रथम भेटतात, तेव्हा सहा अंकी आकडा दाखवून किंवा केवळ 'पेअर' असे विचारून मालकाची संमती घेतली जाते. ती मिळाल्यावर दोन्ही उपकरणे मिळून १२८ बिटांची एक गुप्त किल्ली तयार करतात आणि तिची एकेक प्रत आपापल्याजवळ ठेवतात. पुढच्या वेळी ती जवळ आली, की या किल्लीवरून एकमेकांना ओळखतात आणि काहीही न विचारता जोडली जातात. ब्लूटूथची सोय या ओळखीत आहे आणि धोकाही तिच्यातच आहे.

जुनी ओळख राहिली तर?

सर्वांत नित्याचा त्रास नको तेथे जोडणी होण्याचा असतो. खोपट, पाचपाखाडी किंवा चरईतील एखाद्या इमारतीत पहिल्या मजल्यावर कोणी खासगी संभाषण करीत असावे आणि त्याच वेळी खाली घरातील दुसऱ्या व्यक्तीने मोटार सुरू करावी. भ्रमणध्वनीतील ब्लूटूथचा पल्ला साधारणपणे दहा मीटर असतो. भिंतींमुळे तो कमीजास्त होतो. मोटारीने जुनी ओळख काढून कॉल आपल्याकडे ओढला, तर घरातले बोलणे गाडीतल्या स्पीकरवर उमटते. बोलणाऱ्याला मात्र फोन एकाएकी मुका झाल्यासारखे वाटते.

दुसरा प्रश्न अधिक गंभीर आहे. मोटारीशी फोन जोडताना 'संपर्क आणि कॉलची नोंद पाहू द्यावी का', असे विचारले जाते. घाईत 'हो' म्हटले, की अनेक मोटारींची यंत्रणा संपूर्ण संपर्कयादी आणि अलीकडच्या कॉलची नोंद स्वतःच्या स्मृतीत उतरवून घेते. काही मोटारी फोनवर आलेले संदेशही वाचून दाखवतात. फोन दूर गेल्यावर ही माहिती पडद्यावर दिसत नाही. पण ती पुसली गेली, असे त्यावरून समजता येत नाही. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१६ मध्येच भाड्याची मोटार परत करण्यापूर्वी तिच्यातून आपला फोन आणि माहिती काढून टाकण्याचा सल्ला ग्राहकांना दिला होता. जुन्या मोटारींच्या खरेदी-विक्रीलाही तो तितकाच लागू पडतो.

तिसरी बाब कुलपाची. अँड्रॉइड फोनमध्ये 'स्मार्ट लॉक' नावाची सोय २०१४ पासून आली. आता तिला 'एक्स्टेंड अनलॉक' म्हणतात. विश्वासू म्हणून नोंदवलेले ब्लूटूथ उपकरण जवळ असेपर्यंत फोनला कुलूप लागू नये, अशी ही योजना आहे. नव्या आवृत्त्यांत या सवलतीला चार तासांची मर्यादा आहे. तरीही एखादे जुने घड्याळ किंवा इअरफोन या यादीत राहिला आणि तो दुसऱ्याच्या हाती गेला, तर कुलपाचा अर्थ कमी होतो.

यापूर्वीचे धडे

ब्लूटूथच्या वाटेने येणारे संकट नवे नाही. २००४ मध्ये 'कॅबिर' हा विषाणू सिम्बियन प्रणालीच्या फोनमध्ये ब्लूटूथमार्फत पसरू लागला. २००५ मध्ये हेलसिंकी येथील जागतिक अॅथलेटिक्स स्पर्धेच्या गर्दीत त्याचा प्रादुर्भाव झाल्याचे आढळले. अनोळखी फाइल स्वीकारू नये, हा त्या काळचा धडा होता.

पुढे ओळखीच्या उपकरणांबाबतही प्रश्न निर्माण झाले. २०२० मध्ये संशोधकांनी 'बायस' नावाच्या त्रुटी जाहीर केल्या. पूर्वी जोडलेल्या उपकरणाचे सोंग घेऊन, गुप्त किल्ली ठाऊक नसतानाही दुसऱ्या उपकरणाला फसवता येते, असे त्यांनी दाखवून दिले. जून २०२५ मध्ये जर्मनीतील ईआरएनडब्ल्यू या संस्थेच्या संशोधकांनी ऐरोहा या तैवानी कंपनीच्या चिप वापरणाऱ्या काही हेडफोनांतील दोष उघड केले. अशा हेडफोनच्या स्मृतीतून फोनची किल्ली चोरून, स्वतःच तो हेडफोन असल्याचे भासवून फोनला आज्ञा देणे शक्य होते. चिपनिर्मात्या कंपनीने त्यावरील दुरुस्ती हेडफोन बनवणाऱ्यांना दिली. परंतु अडगळीत पडलेल्या किंवा हातोहात विकलेल्या जुन्या हेडफोनपर्यंत अशी दुरुस्ती क्वचितच पोहोचते.

असे हल्ले करण्यासाठी जवळ असावे लागते आणि तांत्रिक कौशल्यही लागते. त्यामुळे सामान्य वापरकर्त्याने घाबरून जाण्याचे कारण नाही. मात्र या प्रकारांत फोनचा जुन्या उपकरणावरील विश्वासच वापरला जातो. फोनमधून ते नाव काढले, की त्याची किल्लीही जाते आणि चोरलेली प्रत निरुपयोगी ठरते.

फोनमधून नाव कसे काढावे?

अँड्रॉइड फोनमध्ये 'सेटिंग्ज'मधील 'कनेक्टेड डिव्हाइसेस' हा भाग उघडावा. काही कंपन्यांच्या फोनमध्ये त्याला 'कनेक्शन्स' म्हणतात किंवा ब्लूटूथ असा स्वतंत्र विभाग असतो. पूर्वी जोडलेल्या सर्व उपकरणांची यादी पाहावी. नको असलेल्या नावासमोरील दातेरी चक्राच्या चिन्हावर बोट टेकवून 'फर्गेट' किंवा 'अनपेअर' निवडावे. ही यादी दिसण्यासाठी ब्लूटूथ चालू असावे लागते. जुने उपकरण जवळ असण्याची गरज नसते.

आयफोनमध्ये 'सेटिंग्ज', मग 'ब्लूटूथ' उघडून नावापुढील वर्तुळातील 'आय' अक्षरावर बोट टेकवावे आणि 'फर्गेट धिस डिव्हाइस' निवडावे.

येथे 'डिस्कनेक्ट' आणि 'फर्गेट' यांतील फरक ध्यानात घ्यायला हवा. 'डिस्कनेक्ट' केल्याने केवळ त्या वेळचे बोलणे थांबते. ओळख कायम राहते. 'फर्गेट' केल्यावरच किल्ली पुसली जाते.

यादी फारच गुंतागुंतीची झाली असेल, तर अँड्रॉइडमध्ये ब्लूटूथ आणि वायफाय एकदमच मूळ स्थितीत आणण्याची सोय असते. तिचा अवलंब केल्यास वायफायचे साठवलेले पासवर्डही जातात. ते लिहून ठेवल्याशिवाय हा मार्ग धरू नये.

काही उपकरणे खात्याशीही जोडलेली असतात. गुगलच्या 'फास्ट पेअर' पद्धतीने जोडलेले इअरफोन गुगल खात्यातील जतन केलेल्या उपकरणांतही दिसतात. तेथूनही ते काढावेत. अॅपलचे एअरपॉड्स दुसऱ्याला देण्यापूर्वी 'फाइंड माय'मधून वगळावेत. अॅपलच्या घड्याळाची जोडणी त्याच्या 'वॉच' अॅपमधूनच तोडावी. त्यामुळे घड्याळावरील मालकीचे कुलूपही निघते.

दुसऱ्या टोकाचे काय?

फोनमधून नाव काढल्याने फोनकडील प्रत जाते. मोटारीकडे असलेली किल्ली आणि तिने उतरवून घेतलेली संपर्कयादी मात्र तशीच राहू शकते. मोटारीच्या पडद्यावरील ब्लूटूथ किंवा फोन विभागात जाऊन जोडलेल्या फोनची यादी उघडावी आणि आपले नाव पुसावे. मोटार विकायची असेल, तर एवढ्यावर न थांबता संपूर्ण संगीतयंत्रणा 'फॅक्टरी रिसेट' करावी. नकाशातील घर आणि कार्यालयाचे पत्तेही त्यामुळे निघून जातात. विजेवर चालणारी दुचाकी अॅपशी जोडलेली असल्यास तिची मालकी त्या अॅपमधूनही नव्या मालकाच्या नावे करावी.

इअरफोन आणि स्पीकर यांना बहुधा पडदा नसतो. त्यांची स्मृती पुसण्यासाठी ठरावीक बटण काही सेकंद दाबून धरावे लागते. कोणते बटण आणि किती वेळ, हे प्रत्येक कंपनीनुसार बदलते. त्यासाठी माहितीपुस्तिका पाहावी. जुने उपकरण घेणाऱ्यानेही हेच पहिल्या दिवशी करावे, म्हणजे आधीच्या मालकाचा फोन त्याला जोडला जाणार नाही.

एकाच टोकाची ओळख पुसली आणि दुसरीकडे राहिली, तर पुन्हा जोडताना अनेकदा 'जोडणी होऊ शकली नाही' असा संदेश येतो. यंत्र बिघडले, असे समजून दुकान गाठण्यापूर्वी दोन्हीकडील नाव काढून नव्याने जोडणी करून पाहावी. बहुतेक वेळा तेवढ्याने काम भागते.

पुसण्यापूर्वी क्षणभर थांबावे

यादीतील सर्वच अनोळखी नावे निरुपयोगी नसतात. अक्षरे आणि आकडे यांच्या विचित्र जुळणीमागे रक्तातील साखर मोजणारा संवेदक, रक्तदाबमापक किंवा श्रवणयंत्र असू शकते. शरीरावर लावलेल्या काही संवेदकांची जोडणी मध्येच तोडल्यास ती पुन्हा करणे अवघड जाते. म्हणून घरातील ज्येष्ठांच्या फोनची साफसफाई त्यांना विचारूनच करावी. इअरफोन, मोटार, घड्याळ यांना ब्लूटूथच्या यादीत ओळखीची नावे देऊन ठेवली, तर हा गोंधळ टळतो. मात्र त्या नावांत स्वतःचे पूर्ण नाव किंवा फोन क्रमांक घालू नये. जोडणीसाठी खुल्या असलेल्या उपकरणाचे नाव बसस्थानकावरील कोणालाही वाचता येते.

क्रम महत्त्वाचा

मोटार, इअरफोन किंवा फोन यांपैकी काहीही दुसऱ्याच्या हाती देण्यापूर्वी पुढील क्रम पाळावा. प्रथम मोटारीतून अथवा इअरफोनमधून आपला फोन काढावा, कारण ते उपकरण लवकरच हातातून जाणार असते. मग फोनमधून त्याचे नाव पुसावे. त्यानंतर गुगल किंवा अॅपल खात्यातील आणि कुलपाच्या सवलतीतील नोंद तपासावी. फोनच विकायचा असेल, तर 'फॅक्टरी रिसेट'ने फोनमधील किल्ल्या जातात. परंतु मोटारीत उतरलेली माहिती त्यामुळे पुसली जात नाही.

उपकरण हरवले किंवा चोरीला गेले, तर दुसरे टोक हाती नसते. अशा वेळी फोनमधील नाव त्याच दिवशी काढणे एवढाच उपाय उरतो, आणि तो पुरेसा उपयोगी आहे. भाड्याच्या गाडीत केवळ गाणी ऐकायची असतील, तर संपर्कयादीची परवानगी नाकारूनही जोडणी करता येते. दिलेली माहिती परत मिळवण्यापेक्षा ती न देणे केव्हाही सोपे.