रडणं हा पुरावा नव्हता

१९८०च्या दशकापर्यंत प्रगत देशांतही नवजात बाळांवर अनेकदा पुरेशी भूल न देता ऑपरेशनं होत. मज्जासंस्था कच्ची, म्हणून दुखत नाही, अशी समजूत होती. शिवाय भुलीचीच भीती. काही वेळा फक्त हालचाल थांबवणारं औषध देत. बाळ जागं, पण रडायचीही सोय नाही.

इंदूरला डॉक्टर झालेले कंवलजीत सिंग आनंद तेव्हा ऑक्सफर्डमध्ये संशोधन करत होते. त्यांनी बाळांच्या रक्तातली ताणाची हार्मोन्स मोजली. १९८७ साली 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष आले: फेंटॅनिल हे वेदनाशामक दिलेल्या बाळांत ताण कमी होता, ऑपरेशननंतरची गुंतागुंतही कमी.

मी सॉफ्टवेअरवाला. लॉगमध्ये नसलेला बग आम्हीही मानत नाही. कुडाळच्या माझ्या आजीला हे सांगितलं, तर ती म्हणाली, "दुखता म्हणान रडता. ता मोजूक कित्याक व्हया?"

मोजावं लागलं, कारण त्याशिवाय कोणी ऐकलं नाही. पुढे आईची कूसही मोजली गेली. टाचेतून रक्त घेताना आईच्या उघड्या छातीशी धरलेली बाळं खूप कमी रडली, असं २००० साली अमेरिकेतल्या एका अभ्यासात दिसलं. २००२ साली अंगावर पिणाऱ्या बाळांतही तेच. २०१५पासून जागतिक आरोग्य संघटनाही सांगते, लस टोचताना बाळाला पाजा.

आपल्याकडे बीसीजी आणि हिपॅटायटिस-बीची सुई जन्मल्यावर लगेचच असते. बाळ टेबलावर ठेवण्याआधी एवढंच विचारा, "सिस्टर, पाजता पाजता टोचाल का?"