मॅन पेजची कुळकथा

टर्मिनलवर 'मॅन प्रिंटएफ' मारलं की सी मधल्या फंक्शनऐवजी शेलची कमांडच समोर का येते? उत्तर १९७१ सालचं आहे, मंडळी!

बेल लॅब्समध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची युनिक्स घडवत होते. डग मॅकिलरॉय यांनी मॅन्युअलचा आग्रह धरला आणि ३ नोव्हेंबर १९७१ ही तारीख असलेली पहिली आवृत्ती निघाली. तिचे ७ विभाग होते: पहिल्यात कमांड्स, दुसऱ्यात सिस्टिम कॉल्स, तिसऱ्यात सबरुटीन्स... हे पहिले तीन आकडे आजही तेच आहेत. आकडा दिला नाही तर शोध पहिल्या विभागापासून सुरू होतो. म्हणून 'मॅन ३ प्रिंटएफ' म्हणायचं, की फंक्शनचं पान हजर. नावच आठवत नसेल तर 'मॅन -के' आणि विषयाचा एखादा शब्द.

मला सगळ्यात आवडतो तो 'बग्ज' हा मथळा. आपल्याच प्रोग्रॅमच्या खोडी चारचौघांत सांगायच्या, आणि त्याखाली 'ओनर' म्हणून नावही द्यायचं! रिलीजच्या आदल्या रात्री आपण जे डॉक्युमेंट उरकतो, त्यात असा मथळा असतो का हो? तो लिहायला बसलं, की निम्मे बग लिहिण्यापेक्षा दुरुस्त करणंच सोपं वाटतं. करून बघा.