मांडूची खुरासानी इमली आणि आपली खुरासणी

मांडूला जाणारा माणूस जहाज महाल, हिंडोळा महाल, होशंगशहाची कबर आणि रूपमतीचा मंडप पाहतो, आणि निघताना रस्त्याकडेला मांडलेलं एक लांबट, मखमली सालीचं फळ उचलतो. विकणारे त्याला ‘मांडू की इमली’ म्हणतात, नाहीतर ‘खुरासानी इमली’. दगडावर आपटून फोडलं की आत खडूसारखा ठिसूळ पांढरा गर, तांबूस दोऱ्यांत अडकलेला, आणि प्रत्येक तुकड्यात एक टणक बी. जिभेवर ठेवला की आधी पिठूळ लागतो, मग एकदम आंबट. तिखटमीठ लावून चोखायचा, किंवा पाण्यात कोळून, बिया नि दोरे गाळून, साखर घालून सरबत करायचं. धारहून पस्तीसेक किलोमीटर आल्यावर, उन्हाळ्यात, ते सरबत राजवाड्यांपेक्षा जास्त लक्षात राहतं.

झाडाची ओळख थोडक्यात. मराठीत ही गोरखचिंच. आपल्या चिंचेशी नातं नाही, झाड आफ्रिकेचं. फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ आदांसाँने 1749 मध्ये ते सेनेगलमध्ये पाहिलं, म्हणून शास्त्रीय नाव अ‍ॅडनसोनिया. खोड अवाढव्य, पानं पावसाळ्यापुरती, पांढरं फूल संध्याकाळी उमलतं आणि वटवाघळं परागीभवन करतात. एवढं कुठल्याही पुस्तकात सापडेल.

मला अडकवलं ते नावाने. आफ्रिकेच्या झाडाला खुरासानचं नाव का? खुरासान म्हणजे इराणचा ईशान्य भाग आणि हेरातचा मुलूख. तिथल्या हिवाळ्यात हे झाड एक वर्ष तगणार नाही.

हाच प्रश्न डोक्यात असताना कारळ्याची चटणी समोर आली. कारळे भाजून, लसूण-मिरची-मीठ घालून कुटलेली काळी कुळकुळीत चटणी, भाकरीबरोबर. कारळ्याचं दुसरं नाव काय? खुरासणी. नाशिक-नगरच्या आदिवासी पट्ट्यात पावसाळा सरता सरता पिवळी होणारी शेतं याच खुरासणीची. आणि ही खुरासणी मूळची कुठली? इथिओपियाच्या पठारावरची. तिकडे तिला ‘नूग’ म्हणतात, आणि शास्त्रीय नावातच ‘अ‍ॅबिसिनिका’, म्हणजे इथिओपियाची, असं आहे. म्हणजे दोन वनस्पती, दोन्ही आफ्रिकेच्या, दोघींचा खुरासानशी काडीचा संबंध नाही आणि दोघींना आपण खुरासानी म्हणतो. हा योगायोग म्हणून सोडून द्यायला माझं मन तयार होईना.

आता हे झाड मांडूला कुणी आणलं, याचे दावेदार पाहू. पहिला दावा दरबारी. मांडूहून माळव्यावर राज्य करणाऱ्या सुलतान महमूद खिलजीकडे (1436–69) कैरोच्या अब्बासी खलिफाकडून पोशाख आणि सनद आली. त्यानंतर दोनेक वर्षांत हेरातच्या अबू सईद मिर्झाचा वकीलही मांडूत पोचला. वकिलाने भेट आणली, म्हणून खुरासानी इमली, असा सरळ हिशेब मांडता येतो. पण हेरातच्या वकिलाने हेरातला न उगवणारं फळ का आणावं? कैरोची बाजू बरी आहे. इटालियन वैद्य प्रोस्पेरो अल्पिनीने 1592 च्या ग्रंथात कैरोच्या बाजारातल्या याच फळाचं वर्णन केलं आहे. पण मग इजिप्तवरून नाव ‘मिस्री इमली’ पडायला हवं होतं. खडीसाखरेला ‘मिस्री’ म्हणणाऱ्या देशात तो शब्द काही महाग नव्हता.

दुसरा दावा आफ्रिकेतून आलेल्या हबशांचा, आणि तो मला मनापासून आवडतो. इतिहासकार फिरिश्ता सांगतो की मांडूच्या गियासशहाच्या (1469–1500) पहाऱ्याला पाचशे हबशी स्त्रिया होत्या, शस्त्र घेतलेल्या. हाच गियास समोशांपासून सरबतांपर्यंतच्या पाककृतींचं ‘निमतनामा’ लिहवून घेणारा खवय्या. त्याची सचित्र प्रत आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. आणि फळ असं की गर वाळका, महिनोन्‌महिने टिकणारा, बी टणक. समुद्रप्रवासाला याहून सोयीची शिदोरी नाही. हबशी जिथे जिथे शिपाई, सरदार, गुलाम म्हणून होते त्या विजापूर-गोवळकोंड्याकडेही ही जुनी झाडं आहेत. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने भारतातल्या झाडांचं नातं आफ्रिकेच्या मुख्य भूमीशी जोडलं. झाड एकदाच नव्हे, अनेकदा आलं, असंही त्यात निघालं.

तरी हबशांचा दावा पुरा पडत नाही. उत्तर प्रदेशातली झूंसीची गोरखचिंच आणि ‘पारिजात’ म्हणून पुजली जाणारी किंतूरची गोरखचिंच, दोन्ही कार्बन कालमापनात सुमारे आठशे वर्षांच्या निघाल्या. माळव्याची सल्तनत स्वतंत्र झाली 1401 मध्ये. म्हणजे गियासशहाच्या पहारेकरणी यायच्या कितीतरी आधी झाड गंगेकाठी उभं होतं. शिवाय त्यांनीच आणलं असतं तर ‘हबशी इमली’ म्हणायला कुणाची हरकत होती?

उत्तर मला बाबरापाशी सापडलं. काबूलचं वर्णन करताना तो जाता जाता नोंदवतो की अरब जसे अरबस्तानाबाहेरच्या सगळ्याला अजम म्हणतात, तसे हिंदुस्तानचे लोक हिंदुस्तानाबाहेरच्या सगळ्या मुलखाला खुरासान म्हणतात. झालं! खुरासान हा नकाशावरचा प्रांत नव्हताच. तो ‘पलीकडचा’ याला प्रतिशब्द होता. बंदरात आफ्रिकेचा माल उतरवणारा फारसी बोलणारा व्यापारी असेल, तर घेणाऱ्याच्या लेखी तो माल खुरासानी. आपण कुठल्याही कारखान्यातल्या कपबशीला चिनी मातीची म्हणतो, तेव्हा चीन कुठे आठवतो?

कुणी म्हणेल, खुरासानी ओवा खरोखरच इराणकडून यायचा. यायचा असेल, ‘खुरासानी’ हा शिक्का तिथे खरा म्हणून सुरू झाला आणि पुढे सैल झाला, एवढंच त्यातून निघतं. कुणी म्हणेल, गुजरातीत ‘खरसाणी’ आहे, तेव्हा खुरासणी हे एखाद्या देशी शब्दाचं शिकलेलं रूप असेल. असेल. पण मग मांडूच्या झाडाचं काय? एका शब्दाने दोन कुलुपं उघडत असतील तर दोन किल्ल्या घडवायच्या कशाला?

अडचण खरी वेगळीच आहे, आणि तीच मला सगळ्यांत गोड वाटते. माळव्यात झाड खुरासानी आहे, पण तिथे बियांना म्हणतात रामतिल. महाराष्ट्रात बिया खुरासणी, पण झाड गोरखचिंच. उत्तरेत तेच झाड पारिजात. माझा तर्क असा: परकी वस्तू आधी खुरासानी म्हणून येते, आणि अंगवळणी पडली की तिला कुणीतरी देव नाहीतर सिद्ध दत्तक घेतो. राम बियांपाशी पोचला, गोरखनाथ झाडापाशी. जिथे पोचले नाहीत तिथे जुना शिक्का राहिला. याला कागदाचा पुरावा माझ्याकडे नाही, पण यापेक्षा बरं स्पष्टीकरण माझ्या वाचनात आलेलं नाही.

हे दोन्ही शिक्के ज्यांच्या जिभेवर एकत्र यावेत असे लोक म्हणजे धार आणि देवासचे मराठी. अठराव्या शतकात पवार सरदारांबरोबर दक्षिणेतून आलेली ही घरं. धारला एक गादी, देवासला थोरली आणि धाकटी पाती. दक्षिणेची खुरासणी त्यांच्याबरोबर आली असणार, आणि दारात खुरासानी इमली होतीच.

धार-देवासच्या जुन्या मराठी घरांत अजून मोडीतले जमाखर्च, कोठीच्या याद्या, आजीच्या हातच्या पाककृतींच्या वह्या असतील. त्या रद्दीत घालण्याआधी एकदा चाळा. काळ्या चटणीच्या बियांपुढे कारळे लिहिलंय, रामतिल की खुरासणी, आणि त्या पानावर साल कोणतं, एवढं पाहून कळवा.