सतरा सप्टेंबरनंतरची परतवाट : नांदेड-लातूरला घरी परतलेल्यांचा इतिहास

१/ १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाने शरणागती पत्करली आणि हैदराबाद संस्थानाचा प्रश्न सुटला, असे आपण शाळेत शिकतो. त्याच सायंकाळी सरहद्दीपलीकडच्या शिबिरांत आणि नातलगांच्या ओसरीवर राहणाऱ्या असंख्य मराठवाडी कुटुंबांपुढे मात्र एक नवा प्रश्न उभा राहिला : आता घरी जायचे कसे, आणि घर म्हणून तिथे काय उरले असेल? नांदेड आणि लातूर परिसरातील या परतीचा हा थ्रेड. 🧵

२/ आधी हे लोक गेले होते कुठे, ते पाहू. जून १९४७ च्या फर्मानाने निजामाने आपण सार्वभौम होणार असल्याचे जाहीर केले. त्यामुळे १५ ऑगस्टनंतर पैनगंगेच्या अलीकडचे हदगाव एका राज्यात आणि पलीकडचे उमरखेड दुसऱ्या देशात, अशी स्थिती झाली. लातूरकरांसाठी हीच सीमा बार्शीच्या वाटेवर होती. बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी त्यांना नेहमीच्या बाजारगावी नेत असे. आता तीच गाडी परदेशी नेऊ लागली.

३/ हा 'परदेश' केवळ बोलण्यापुरता नव्हता. संस्थानाची स्वतःची जकात होती, तिला 'करोडगिरी' म्हणत. चलन 'हाली सिक्का', ब्रिटिश हिंदुस्थानचे 'कलदार'. दर असा : १०० कलदार म्हणजे ११६ रुपये १० आणे ८ पै हाली. सरकारी वर्ष फसली, कारभाराची भाषा उर्दू. बोली, देव, सोयरिकी मात्र दोन्हीकडे सारख्याच.

४/ लोक का गेले? बिलोलीजवळच्या अर्जापूर येथे गोविंदराव पानसरे यांची १९४६ मध्येच हत्या झाली होती. १९४७ च्या उत्तरार्धात रझाकारांचे हल्ले वाढत गेले. या संघटनेचा नेता कासीम रझवी हा लातूरचा वकील. दुसऱ्या बाजूने स्टेट काँग्रेसच्या हाकेवर विद्यार्थ्यांनी शाळा आणि वकिलांनी न्यायालये सोडली. कोणी लढण्यासाठी सीमा ओलांडली, कोणी जीव वाचवण्यासाठी. पुष्कळांच्या बाबतीत ही दोन्ही कारणे एकच होती.

५/ उमरखेड, वाशीम, बार्शी, सोलापूर या पट्ट्यात शिबिरे उभी राहिली. ती निर्वासितांचा निवारा होती आणि सशस्त्र लढ्याची ठाणीही. ३० जानेवारी १९४८ रोजी नांदेड जिल्ह्यातील उमरी येथील बँकेवर छापा पडला, तो उमरखेड शिबिराशी जोडलेल्या कार्यकर्त्यांनी घातलेला होता. त्याच दिवशी दिल्लीत गांधीजींची हत्या झाली.

६/ मागे काय राहिले, हे समजल्याशिवाय परतीची अडचण कळत नाही. मराठवाड्यातील बहुतेक घरे माळवदाची. मातीच्या सपाट छतावर दर पावसाळ्यापूर्वी पांढरी माती घालून ते चोपावे लागते. एक पावसाळा कोणी लक्ष दिले नाही तर छत गळते, दोन पावसाळ्यांत तुळया वाकतात. १९४८ च्या पावसाळ्याआधी घर सोडलेल्यांचे माळवद त्या वर्षी कोणी चोपले नव्हते.

७/ १३ सप्टेंबरला भारतीय सैन्य संस्थानात शिरले. मुख्य तुकडी सोलापूरहून नळदुर्गच्या वाटेने निघाली. पाचव्या दिवशी सारे संपले. स्वामी रामानंद तीर्थ तुरुंगातून सुटले आणि १८ सप्टेंबरला मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांनी लष्करी प्रशासक म्हणून सूत्रे हाती घेतली. शिबिरांतून लोक आपापल्या गावांकडे निघू लागले.

८/ पहिली अडचण होती हंगामाची. जूनमध्ये जे गावात नव्हते, त्यांचा खरीप गेलेला. सप्टेंबरअखेर आणि ऑक्टोबरमध्ये रब्बी ज्वारीची पेरणी. म्हणजे परतलेल्या शेतकऱ्याच्या हाती फार तर काही आठवडे होते. तेवढ्यात बैलजोडी मिळवायची, बी मिळवायचे, तिफण दुरुस्त करायची. पेवात ठेवलेली ज्वारी जागेवर नसेल, तर पेरायला दाणा नाही आणि खायलाही नाही. वाफसा मोडल्यावर स्वातंत्र्याचा आनंद कितीही मोठा असला तरी पेरणी होत नाही.

९/ दुसरी अडचण पैशाची. डिसेंबर १९४७ च्या सुमारास निजाम सरकारने भारतीय चलन आपल्या हद्दीत अवैध ठरवले आणि सोन्यारुप्याच्या निर्यातीवर बंधने घातली. दिल्लीने त्यावर तीव्र हरकत घेतली. सामान्य कुटुंबासाठी याचा अर्थ सरळ होता : जाताना हाली नेली तर पलीकडे बट्टा, मजुरीचे कलदार घेऊन परतावे तर अलीकडे पुन्हा हिशेब. विलीनीकरणानंतरही हाली सिक्का लगेच गेला नाही. पुढची काही वर्षे बाजारात दोन्ही नाणी चालत राहिली, आणि सात हालीला सहा कलदार हे गणित प्रत्येकाला तोंडपाठ ठेवावे लागले.

१०/ तिसरी अडचण कागदाची, आणि तीच सर्वांत दीर्घ ठरली. घर कोणाचे, शेत कोणाचे, कुळ कोण, बांध कुठला, याच्या नोंदी उर्दूत आणि फसली सनावार होत्या. १९४८ च्या उन्हाळ्यातली घटना कागदावर फसली १३५७ मध्ये सापडे. आता मुंबई प्रांतातून, मध्य प्रांतातून, मद्रासहून मुलकी अधिकारी जिल्ह्यांत आले. त्यांतील अनेकांना ही दफ्तरे परकी होती. आपलेच शेत आपले आहे हे सांगण्यासाठी परतलेल्या माणसाला दुभाष्या लागे.

११/ इथपर्यंतची कथा १७ सप्टेंबरच्या भाषणांत थोडीफार येते. तिचा दुसरा भाग मात्र क्वचितच सांगितला जातो. शिबिरांतली कुटुंबे गावाकडे येत होती, त्याच आठवड्यांत त्याच जिल्ह्यांतून दुसरी कुटुंबे गाव सोडून निघाली होती. ती मुस्लीम होती, आणि त्यांची वाट प्रामुख्याने हैदराबाद शहराकडे जात होती.

१२/ रझाकारांनी केलेल्या अत्याचारांचा सूड, त्यांच्याशी ज्यांचा काही संबंध नव्हता अशा लोकांवर उगवला गेला. नेहरूंच्या सांगण्यावरून पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांनी १९४८ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये संस्थानाचा दौरा केला. सर्वाधिक हानी झालेले चार जिल्हे त्यांनी नोंदवले : उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड. संपूर्ण संस्थानातील मृतांचा त्यांचा अंदाज २७ ते ४० हजारांच्या दरम्यानचा होता. हा अहवाल सरकारने प्रसिद्ध केला नाही. अभ्यासकांना तो सहज पाहता येऊ लागला तो २०१३ च्या सुमारास.

१३/ लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातला एक तालुका, पण व्यापारपेठ मोठी. तिथे कच्छी मुस्लीम व्यापाऱ्यांची भरभराटीची वस्ती होती. अहवाल सांगतो की लातुरात हत्यासत्र वीसहून अधिक दिवस चालले. सुमारे १० हजार मुस्लिमांपैकी समितीला गावात जेमतेम ३ हजार आढळले. हजारांहून अधिक मारले गेले होते आणि उरलेले सर्वस्व गमावून पळाले होते. अहवालात दुसरी नोंदही आहे : अनेक ठिकाणी हिंदू शेजाऱ्यांनी जीव धोक्यात घालून मुस्लीम कुटुंबांना वाचवले.

१४/ या दुसऱ्या प्रवाहाची परत अधिक कठीण होती. शिबिरातून येणारा विजयी बाजूचा म्हणून येत होता. गावात त्याचे स्वागत होते, नवे प्रशासन त्याच्याकडे सहानुभूतीने पाहत होते. हैदराबादहून लातूर किंवा नांदेडला परतणाऱ्याला मात्र, ज्यांच्या भीतीने पळाला त्यांच्याच शेजारी पुन्हा चूल मांडायची होती. दुकान लुटलेले, उधारीच्या वह्या गेलेल्या. वही नसेल तर येणे कोणाकडे, हे सिद्ध कसे करायचे?

१५/ भर म्हणून कायदा. देशभर लागू झालेल्या १९५० च्या निर्वासित मालमत्ता कायद्यानुसार पाकिस्तानात गेलेल्यांची मिळकत सरकारी अभिरक्षकाच्या ताब्यात जाई. कायदा पाकिस्तानात गेलेल्यांसाठी होता. पण बंद घराचा मालक हैदराबादला आहे की कराचीला, हे सांगायला कोणीतरी हजर असावे लागते. रझवी स्वतः मात्र परतला नाही. तो १९५७ मध्ये तुरुंगातून सुटला, पाकिस्तानात गेला आणि १९७० मध्ये तिथेच मरण पावला. त्याच्या राजकारणाची किंमत लातुरात राहिलेल्यांनी चुकवली.

१६/ माणसांची विभागणी धर्माप्रमाणे इतकी नीट होत नाही, याचेही दाखले आहेत. नांदेड जिल्ह्यात महसूल अधिकारी असलेल्या फरीद मिर्झा यांनी रझाकारांच्या निषेधार्थ नोकरी सोडली आणि भारतात विलीन व्हावे असे जाहीर पत्रक काढणाऱ्या मुस्लीम नागरिकांत ते सामील झाले. ते पत्रक छापणारे 'इमरोज'चे संपादक शोएबुल्ला खान यांची ऑगस्ट १९४८ मध्ये हत्या झाली. मिर्झा यांनी पोलीस कारवाईच्या आधीचे आणि नंतरचे दिवस पुढे लिहून ठेवले. दोन्ही काळांबद्दल त्यांनी लिहिले, हे महत्त्वाचे.

१७/ पुन्हा जमिनीकडे. १९४९ मध्ये जहागिऱ्या रद्द झाल्या. १९५० चा हैदराबाद कूळवहिवाट व शेतजमीन कायदा आला आणि 'संरक्षित कूळ' हा शब्द गावोगावी पोहोचला. त्यासाठी साधारणतः सहा वर्षांची वहिवाट दाखवावी लागे, आणि तिची मोजणीही फसली वर्षांत. ज्या काळात निम्मे गाव इकडचे तिकडे झाले, त्याच काळातला ताबा आता हक्काचा आधार ठरत होता. १९५४-५५ च्या खासरा पाहणीत जे नाव चढले, ते पुढच्या पिढ्यांच्या वादांत निर्णायक ठरत गेले. आजही तहसील कचेरीत 'खासरा काढून आणा' असे सांगितले जाते.

१८/ शिक्षणाची परत वेगळ्या मार्गाने झाली. १९४७ मध्ये वर्ग सोडलेल्या मुलांचे वर्ष गेलेले. त्यात उर्दू माध्यमात झालेले शिक्षण नव्या व्यवस्थेत कितपत उपयोगी, ही शंका. नांदेडमध्ये १९५० मध्ये पीपल्स कॉलेज सुरू झाले, पुढे नरहर कुरुंदकर तिथे शिकवू लागले. १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. पदवीसाठी घर सोडण्याची सक्ती कमी होणे, हीसुद्धा एका अर्थाने घरी परतण्याचीच सोय होती.

१९/ मग घराचा पत्ताच बदलू लागला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्य विसर्जित झाले. उदगीर, अहमदपूर, निलंगा हे बीदर जिल्ह्यातले तालुके उस्मानाबादला जोडले गेले. किनवट आदिलाबादमधून नांदेडला आले, तर मुधोळचा भाग आंध्रकडे गेला. मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात, १९६० मध्ये महाराष्ट्रात. १९८२ मध्ये लातूर जिल्हा झाला. उदगीरच्या एखाद्या वृद्धाने एकाच वाड्यात राहून तीन राज्ये आणि तीन जिल्हे पाहिले. जुनी दफ्तरे मात्र त्याच्या मागे सगळीकडे गेली नाहीत.

२०/ अखेर परागंदा होण्याचाही पुरावा मागितला गेला. १९७२ मध्ये केंद्राची स्वातंत्र्यसैनिक पेन्शन योजना आली. हैदराबादच्या सरहद्दीवरील शिबिरांना पुढे तिच्यात मान्यता मिळाली. तुरुंगाची नोंद नसेल तर शिबिरप्रमुखाचे प्रमाणपत्र हवे. शिबिरात भाकरी भाजणाऱ्या, निरोप पोहोचवणाऱ्या किती जणींकडे असा कागद असणार? उलट बाजूने, बीड जिल्ह्यातील बनावट स्वातंत्र्यसैनिकांचे प्रकरण चौकशी आयोगापर्यंत गेले. कागद ज्याच्या हाती, त्याचा त्याग खरा, असा विचित्र न्याय त्यातून निर्माण झाला.

२१/ २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामासाठी निजामकालीन नोंदी धुंडाळल्या गेल्या, तेव्हा मराठवाड्यात उर्दू आणि मोडी वाचणाऱ्यांचा शोध सुरू झाला. पंच्याहत्तर वर्षांपूर्वी उमरखेडहून किंवा बार्शीहून परतलेला शेतकरी चावडीवर ज्या अडचणीत उभा होता, तीच अडचण त्याच्या पणतवंडांना भेटली.

२२/ या सगळ्यातून एक गोष्ट दिसते. घरी परतणे ही एका दिवसाची घटना नसते. पेरणी, छत, नाणे, कागद, शाळा, पत्ता अशा पायऱ्यांनी माणूस परततो, आणि त्यात वर्षे जातात. उमरखेड-बार्शीच्या वाटेने आलेल्यांना या पायऱ्या चढताना राज्यसंस्थेचा हात मिळाला, अपुरा का होईना. लातूरहून हैदराबादला गेलेल्यांपैकी ज्यांनी परतण्याचे धाडस केले, त्यांना तो हात फारच थोडा मिळाला.

२३/ मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाला हुतात्म्यांची नावे वाचली जातात आणि ती वाचली गेलीच पाहिजेत. लढ्याचे मोल त्याच्यानंतर घडलेले सांगितल्याने कमी होत नाही. आपल्या गावात १९४८ मध्ये कोणती घरे रिकामी झाली, त्यांतली कोणती पुन्हा भरली आणि कोणती भरली नाहीत, हे अजून काही वृद्धांना ठाऊक आहे. त्यांना आत्ताच विचारायला हवे. खासरा पत्रकात ते लिहिलेले नाही.

#मराठवाडा_मुक्तिसंग्राम #नांदेड #लातूर #इतिहास