आदिलाबाद जिल्ह्यातील शालेय आहार

आदिलाबाद जिल्ह्यातील (तेलंगणा) सरकारी व आश्रमशाळांतून मुलांना मिळणारे जेवण. पैनगंगेच्या अलीकडे यवतमाळ-नांदेड, पलीकडे आदिलाबाद. त्यामुळे येथे तेलुगूबरोबर मराठी माध्यमाच्याही सरकारी शाळा आहेत. गोंड, कोलाम, परधान, आंध या समाजांची मुले मोठ्या संख्येने शिकतात.

सर्वोच्च न्यायालयाच्या 2001 च्या आदेशानंतर तत्कालीन आंध्र प्रदेशात जानेवारी 2003 पासून शिजवलेले मध्यान्ह भोजन सुरू झाले. बहुतेक ठिकाणी बचतगटातील बाया ते रांधतात. प्राथमिक वर्गांसाठी 450 किलोकॅलरी व 12 ग्रॅम प्रथिने, उच्च प्राथमिकसाठी 700 किलोकॅलरी व 20 ग्रॅम प्रथिने असा केंद्राचा निकष आहे. 1 जानेवारी 2015 पासून तेलंगणाने शाळा-वसतिगृहांत जाड्या तांदळाऐवजी ‘सन्नबिय्यम’, म्हणजे बारीक तांदूळ दिला. मुले भात पोटभर खाऊ लागली, हे खरे. पण कस मात्र वाढला नाही.

लहान मुलाच्या ताटात 100 ग्रॅम तांदूळ पडतो. त्यातून साधारण 8 ग्रॅम प्रथिने मिळतात. उरलेली 4 ग्रॅम डाळीच्या ‘पप्पू’तून यायची. वरण पातळ झाले की हिशेब तिथेच बिघडतो. आठवड्यातून तीनदा द्यायचे उकडलेले अंडे दर वेळी सुमारे 6 ग्रॅम प्रथिनांची भर घालते, म्हणून या ताटातला सर्वांत मोलाचा घास तोच.

लोहाची गोष्ट निराळी. गोंडांचे जुने अन्न ज्वारीचे: भाकर, घाटा, आंबील. 100 ग्रॅम ज्वारीत सुमारे 4 मिलिग्रॅम लोह असते, सडीक तांदळात एक मिलिग्रॅमही नाही. 1983 पासूनचा दोन रुपये किलोचा तांदूळ आणि शेतात वाढलेला कापूस यांनी ज्वारी मागे सारली. शाळेने तोच भात पुढे चालवला.

त्यावर स्थानिक उतारा निघाला तो मोहाचा. उटनूर येथील भीमबाई आदिवासी महिला सहकारी संस्थेच्या स्त्रिया वाळवलेली मोहफुले भाजून, त्यांत गूळ, तीळ व शेंगदाणे कुटून लाडू वळतात (तेलुगूत ‘इप्पपुव्वु लड्डू’). रक्तक्षय कमी व्हावा म्हणून ते आश्रमशाळांतील मुलांना दिले जातात. मोह मार्च-एप्रिलात गळतो. फुले तेव्हाच वेचून वाळवून ठेवावी लागतात.